शिवी येते, नातवंडांचा आकडा येत नाही

हळदीच्या सौद्यात उभी हयात बोली पुकारलेले आण्णा अर्धांगाच्या झटक्यानंतर सांगलीत माझ्याकडे वाचा-उपचाराला आले, तेव्हा ‘हां’ सोडून शब्द निघत नव्हता. पेन दाखवलं की हवेत लिहून दाखवायचे, ओठ मात्र चाचपडत राहायचे. त्या दिवशी गरम चहा मांडीवर सांडला आणि बाजारातली एक ठसठशीत शिवी बाहेर पडली. कुठंही न अडखळता.

मुलगा भडकला. “बघा मॅडम! बोलायला येतंय की. आमच्यावर राग धरून गप बसत्यात.”

हा संशय घरोघरी येतो. १८६१ मध्ये पॅरिसला पॉल ब्रोका या डॉक्टरांनी तपासलेला प्रसिद्ध रुग्ण फक्त ‘तान’ म्हणायचा, पण चिडला की तोही शिवी हासडायचा. त्याच्या मेंदूत डाव्या कपाळामागचा भाग गेला होता. आण्णांच्या स्कॅनमध्येही डाग तिथंच. ठरवून जुळवलेलं वाक्य त्या भागाशिवाय उभं राहत नाही. संतापाचा उद्गार निराळ्या, फार जुन्या वाटेनं येतो.

चिंपांझीच्या हाका बहुतेक त्याच वाटेच्या. अमेरिकेत हेज दांपत्यानं व्हिकी नावाचं चिंपांझीचं पिल्लू घरात वाढवलं. वर्षानुवर्षं खटपट करून ‘मामा’, ‘पापा’, ‘कप’ असे तीन-चारच शब्द आले, तेही घोगरे. पुढं वॉशो नावाची चिंपांझी हातांच्या शंभरावर खुणा शिकली. म्हणजे निदान खुणा शिकण्याइतकी समज होती. आवाजावर ताबा नव्हता. माणसात मेंदूच्या बाह्यस्तरातून स्वरयंत्र हलवणाऱ्या पेशींपर्यंत थेट तंतू पोचतात, चिंपांझीत ते अगदी विरळ.

एवढं सगळं त्या तापलेल्या पोराला कुठं सांगत बसू? आण्णांनाच विचारलं, “नातवंडं किती?” घशाच्या शिरा ताणल्या, घाम फुटला, काही नाही. मग मी “एक, दोन...” सुरू केलं. लगेच “तीन, चार, पाच, सहा...” गाडी सुसाट! नातवंडं तीन. तिथं थांबणं काही जमेना. आण्णा डोळ्यांनी नको नको म्हणत होते आणि तोंड आकडे मोजत होतं.

मुलगा खुर्चीत बसला. “मग घरी काय करायचं?”

“रोज भजन म्हणायला लावा, सूर धरला की शब्द सुटतात. आकडे मोजायचे आणि तिनावर तुम्ही हात धरून थांबवायचं.”

“आन् शिव्या?”

“येऊ द्यात.”

“आईसमोर पण?”