मागचं दार

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या डोहाळजेवणात, एकदा तर किराणा गाडीत भरताना, प्रश्न तोच असतो: "तुम्ही ना गोऱ्या, ना काळ्या. मग दर गुरुवारी तिथं जाऊन करता तरी काय?"

ऐकते. पण एवढ्या उत्तरानं कुणाचं समाधान होत नाही.

आम्ही अमेरिकेत, अलाबामा राज्यातल्या मॉन्टगमरीला राहतो. इथल्या एका चर्चच्या तळघरात पंधरा-वीस जण वंशभेदाबद्दल सांगायला-ऐकायला जमतात. बहुतेक गोरे, सत्तरी ओलांडलेले, चार-पाच कृष्णवर्णीय. कृष्णवर्णीय माणूस आपलं काही सांगत असेल तर मध्ये तोंड घालायचं नाही, आणि "मी तसा नाही हं" हे तर मुळीच म्हणायचं नाही. एक गोऱ्या बाई पहिल्याच दिवशी हमसून रडायला लागल्या. ज्या बाई आपल्या भावाबद्दल सांगत होत्या, त्यांनाच मग गोष्ट अर्धी सोडून उठावं लागलं, टिश्यूचा डबा शोधायला. तेव्हापासून डबा टेबलाच्या मधोमध असतो. ज्याला लागेल त्यानं आपला आपण घ्यावा.

या गावात ज्युलिएट मॉर्गन नावाची गोरी ग्रंथपाल होऊन गेली. चांगल्या खात्यापित्या घरातली. पण गाडी चालवायला ती घाबरायची, म्हणून बसनं जायची. तिच्या ओळखीपाळखीच्या बायका बसमध्ये पाऊल ठेवत नसत, त्यामुळे हिला जे दिसलं ते त्यांना दिसलंच नाही. काळ्या प्रवाशानं पुढच्या दारानं चढून पैसे द्यायचे, खाली उतरायचं आणि मागच्या दाराकडे जाऊन परत चढायचं. कधी कधी तो मागं पोचायच्या आत ड्रायव्हर गाडी काढायचा. पैसे घेतलेले असायचेच. अशीच एका बाईला टाकून बस निघाली तेव्हा मॉर्गननं धोक्याची दोरी ओढली आणि बस थांबवली.

रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंनी बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडली नाही, त्यांना अटक झाली, आणि गावातल्या कृष्णवर्णीयांचा बसवर बहिष्कार सुरू झाला. पहिला आठवडा उलटला आणि १२ डिसेंबर १९५५ ला स्थानिक पेपरात मॉर्गनचं पत्र आलं. कामावर पायी जाणाऱ्या या माणसांकडे बघून मला गांधींचा मिठाचा सत्याग्रह आठवतो, अशा आशयाचं. त्यानंतर धमक्यांचे फोन, खिडक्यांवर दगड. महापौरांना तिची नोकरी घालवायची होती, ग्रंथालयानं ऐकलं नाही. जुलै १९५७ मध्ये तिच्या अंगणात क्रॉस जाळला गेला, ही गोऱ्या वंशद्वेष्ट्यांची धमकी द्यायची रीत. लगेच तिनं राजीनामा दिला आणि पाठोपाठ जीवही. गावाच्या मुख्य ग्रंथालयाला तिचं नाव दिलं २००५ साली. ४८ वर्षं लागली.

मॉर्गनचा तरी शेवट माहीत आहे लोकांना. मला जास्त छळते ती स्वयंपाकघरातली गोष्ट. बहिष्कार ३८१ दिवस चालला, आणि त्या काळात पुष्कळ गोऱ्या बायका आपल्या कामवालीला स्वतः गाडीतून ने-आण करत होत्या. चळवळीला पाठिंबा म्हणून म्हणाल तर तसं नाही. भांडी कोण घासणार? महापौरांनी हे बंद करा म्हटलं, तरी बायका बधल्या नाहीत. व्हर्जिनिया डर ही गोरी कार्यकर्ती, पार्क्सना तुरुंगातून सोडवायला गेलेल्यांतली एक, तिनं एक प्रसंग सांगून ठेवलाय. एका घरी मालकिणीनं कामवालीला विचारलं, काय गं, तू आहेस का त्या बहिष्कारात? छे बाई, ती म्हणाली, आम्ही आपलं भांडण मिटेपर्यंत बसपासून लांब राहतो. मालकीण खूश. नंतर डरनं कामवालीला बाजूला घेऊन विचारलं, खोटं कशाला बोललीस? तर तिच्या म्हणण्याचा मतलब असा, की सिंहाच्या तोंडात हात असेल तर सिंहाचं डोकं थोपटत राहावं.

म्हणजे मालकिणीनं ऐकलं होतं, आणि तरी तिच्या कानावर काहीच पडलं नव्हतं.

माझी फजिती अशी झाली. नवी होते तेव्हा मी मोठ्या ऐटीत म्हणाले, आम्ही भारतीय, गोऱ्यांचं राज्य सोसलेलं, आम्हाला हे सगळं आतून कळतं. समोर एक निवृत्त शिक्षिका होत्या, कृष्णवर्णीय, ऐंशीच्या घरातल्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमच्या घरी संडास साफ करायला कोण यायचं? आणि कुठल्या दारानं?"

मग त्यांनीच सांगितलं. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे मार्टिन ल्यूथर किंग १९५९ साली भारतात गेले तेव्हा ते याच गावातल्या डेक्स्टर अव्हेन्यू चर्चचे पाद्री होते. त्रिवेंद्रमच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख करून दिली, 'अमेरिकेतले एक अस्पृश्य बंधू' अशी. मुलं सगळी अस्पृश्य मानलेल्या घरांतली. किंगना आधी धक्का बसला, थोडा रागही आला. मग त्यांच्या मनात आलं, खरंच की, आहे मी अस्पृश्य. हे त्यांनी पुढं १९६५ मध्ये अटलांटाच्या प्रवचनात सांगितलं होतं. पाहुण्या देशात, हारतुरे घेताना नको ते ऐकू येणं आणि ते ऐकून घेणं, हे मला तरी त्या दिवशी जमलं नाही. मी पाणी प्यायला उठून गेले.

आमचा वाईचा वाडा. पुढं ओटा, मागं परस, परसाला बोळात उघडणारं दार. त्या दारानं यायच्या त्या मावशी परस झाडायच्या, सरपण फोडायच्या. आजी त्यांना चहा वरून ओतायची, कान तुटलेल्या कपात. तो कप दाराशेजारच्या कोनाड्यात पालथा असायचा आणि तो मावशींनीच विसळायचा. "आमच्याकडे तसलं काही नव्हतं हो," असं मी चाळीस वर्षं सांगत आले आणि तो कप मला तेव्हाही आठवत होता.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते: "बरं, मग मंडळात आम्हाला कशाला पिडता?" १९६६ साली अमेरिकेतल्या विद्यार्थी चळवळीत कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांनी गोऱ्या साथीदारांना सांगितलं, आमच्या वस्त्यांत येऊन आम्हाला शिकवू नका, आपल्या लोकांत जा, वंशद्वेष तिथं आहे. पुष्कळांना ते लागलं. मला मात्र हा सल्ला चोख वाटतो. माझे लोक म्हणजे तुम्ही. पोटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कुणा कृष्णवर्णीयाला 'कल्लू' म्हणून सगळे हसतात तेव्हा मी विचारते, कोण कल्लू? आडनाव ऐकून "म्हणजे नक्की कुठले?" असं कुणी खोदून विचारतं तेव्हाही बोलते. यामुळे मला दोन घरची बोलावणी बंद झालीत. त्यातल्या एका घरच्या पुरणपोळ्या फार छान असतात, त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

मागच्या वर्षी नंबर मिळवून साताऱ्याला फोन केला. मावशी गेल्या, मुलगी नर्स आहे. मी कपाबद्दल बोलले, अडखळत. माफी मागायला लागले तर ती म्हणाली, "राहू द्या हो ताई. आई म्हणायची, माणसं चांगली होती तुमची."

मला बरं वाटलं. मग सिंहाचं डोकं आठवलं, आणि मी गप्प राहिले. बराच वेळ ती पण बोलली नाही.

"चहा मात्र ती प्यायची नाही तुमच्याकडचा," ती म्हणाली. "जास्वंदीच्या बुडाशी ओतायची. घरी आल्यावर चूल पेटवून स्वतःचा करायची."

मग तिनं विचारलं, तिकडे आत्ता किती वाजलेत.