सुंता, किसुमू आणि मावशीची आमटी

परवा जेवताना मी सुंता हा शब्द काढला आणि मावशीने लगेच विचारलं, "अरे आमटी वाढू का अजून?" विषय खल्लास. मी दीड वर्ष केनियात किसुमूला होतो (काम सोलर पंपांचं, डॉक्टरकीशी माझा काडीचा संबंध नाही), तिथे हा विषय पेट्रोलच्या भावासारखा सहज निघायचा. मावशीला सांगायचं राहिलं ते इथे लिहितोय.

किसुमू म्हणजे व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचं शहर, लुओ लोकांचा मुलूख. केनियातल्या बहुतेक जमातींत पोरगा वयात आला की सुंता करतात. लुओंमध्ये ती पद्धतच नाही, त्यांच्यात पूर्वी खालचे सहा दात काढायचे. त्यावरून बाकीचे हिणवणार, की ज्याची सुंता नाही तो पोरगाच, तो देश काय चालवणार. २००७ च्या निवडणुकीत लुओ उमेदवार रायला ओडिंगांच्या विरोधात हे उघड बोललं गेलं, आणि निकालानंतर जी दंगल पेटली त्यात लुओ पुरुषांना पकडून जबरदस्तीने सुंता केल्याच्या घटना घडल्या. वाचतानाच पोटात गोळा येतो.

आणि नेमकं लगेच २००८ मध्ये सरकार याच लोकांना सांगायला निघालं, की बाबांनो, आपणहून या, फुकट सुंता करून घ्या, एचआयव्हीचा धोका कमी होईल. काय डेअरिंग म्हणायचं!

पण कारण भक्कम होतं. त्या भागात तेव्हा साधारण १५ टक्के प्रौढांना लागण होती, देशाच्या दुप्पट. दक्षिण आफ्रिकेत ऑरेंज फार्म, युगांडात राकाई आणि इथे किसुमू अशा तीन ठिकाणी हेच तपासणाऱ्या ट्रायल झाल्या होत्या. किसुमूत १८ ते २४ वयाचे २,७८४ जण घेतले, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, एका गटाची सुंता लगेच, दुसऱ्याची नंतर. पहिल्यात २२ जणांना लागण झाली, दुसऱ्यात ४७. पुढच्या कातडीच्या आतल्या बाजूला ज्या पेशी असतात त्यांना हा व्हायरस पटकन धरतो, ती कातडीच गेली की त्याचा एक दरवाजा बंद. डिसेंबर २००६ मध्ये ट्रायल मध्येच थांबवली, कारण एवढं कळल्यावर दुसऱ्या गटाला नुसतं बसवून ठेवणं बरं नव्हे. मार्च २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही शिफारस केली.

लुओ वडीलधाऱ्यांची परिषद आधी विरोधातच होती. शेवटी तोड निघाली ती अशी की ही प्रथा नाही, ऑपरेशन आहे, ज्याला करायचं त्याने करावं. ना मिरवणूक, ना विधी. आधी समुपदेशन, एचआयव्ही टेस्ट, मग भूल देऊन अर्ध्या तासाचं काम. रायला तोवर पंतप्रधान झाले होते, त्यांनी जाहीर पाठिंबा दिला. डॉक्टर पुरेनात म्हणून नर्सना शिकवलं.

माझा बोडा-बोडावाला, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, त्याला ना जातीची अडचण ना दुखण्याची, अडचण कमाईची. म्हणाला, "ओमेरा (म्हणजे भावा), तीन दिवस गाडी उभी राहिली तर घरी उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, तिकडचं रोजचं जेवण) कोण शिजवणार?" नंतर कळलं की यावर चक्क अभ्यास झालाय, ऑपरेशन करून घेणाऱ्यांना खाण्यापिण्याची कुपनं देऊन बघितली. काहीच विशेष न देता दोन महिन्यांत १.६ टक्के पुरुष आले, १,२०० शिलिंगच्या कुपनावर ९ टक्के. आकडा फार मोठा नाही, पण नुसती पोस्टर चिकटवण्यापेक्षा हे शहाणपणाचं वाटलं मला.

खटकलेल्या गोष्टीही आहेत. या सुंतेने बाईला थेट संरक्षण मिळत नाही, आणि जखम भरायला सहा आठवडे लागतात तेवढ्यात संबंध आला तर धोका उलट वाढतो. मासळी विकणारी एक मामा (तिकडे बाईला मामा म्हणतात) हसत हसत म्हणाली, "आमच्याकडचे म्हणतात, आता काँडोम कशाला?" तिला हसू येत होतं, मला येईना. शिवाय वर्षाचं टार्गेट भरायचं म्हणून बऱ्याच देशांत दहा-बारा वर्षांची पोरंच जास्त रांगेत दिसायची, शेवटी २०२० मध्ये भर १५ वर्षांच्या पुढच्यांवर गेला.

आता गंमत ऐका. या सगळ्याच्या आधीचा एक पुरावा आपल्या पुण्यातला आहे! भोसरीची नारी, म्हणजे तेव्हाची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, हिच्या लोकांनी १९९३ ते २००० मध्ये पुण्यातल्या गुप्तरोगाच्या दवाखान्यांत येणाऱ्या २,२९८ पुरुषांवर लक्ष ठेवलं होतं. सुंता झालेल्यांत एचआयव्ही खूपच कमी, पण सिफिलिस, गोनोरिया, हर्पिस यांत फरक नाही. म्हणजे ते लोक वागायला वेगळे होते म्हणून वाचले असं म्हणता येत नाही, वागणं वेगळं असतं तर बाकीचे रोगही कमी दिसले असते. मामला कातडीचाच. हे २००४ मध्ये छापून आलं.

आपल्याकडे अशी मोहीम नाही, आणि खरं सांगू, नसलेलीच बरी, इथे लागण ०.२ टक्क्याच्या आसपास, आणि हा शब्द उच्चारला की समोरचा आधी धर्म बघतो, आजार नाही. लुओंनी एवढं सोसून तो शब्द दवाखान्यात नेऊन ठेवला, आपल्याला जेवणाच्या टेबलावर ठेवता येत नाही.

मावशी भोसरीलाच राहते बरं का, नारीपासून चालत दहा मिनिटं. आमटी मस्त झाली होती, दोनदा घेतली.