नागपुरातलं ‘सरकारी कॉलेज’ नेमकं कोणाचं?

बारावीनंतर घरोघरी एकच चौकशी असते, “सरकारी लागलं का?” या एका शब्दात निदान चार-पाच प्रकारच्या संस्था कोंबलेल्या असतात आणि प्रत्येकीचं दार वेगळं. चांगले गुण असूनही जागा हुकते ती बहुधा चुकीच्या दारात उभं राहिल्यामुळे.

व्हीएनआयटी हे अभियांत्रिकी कॉलेजच घ्या. जुनी मंडळी अजून व्हीआरसीई म्हणतात. संस्था 1960 ची, गावातलीच, पण केंद्राची. राज्याच्या एमएचटी-सीईटीचे पर्सेंटाइल तिथे कामाचे नाहीत; जेईई मेन द्यायची आणि जोसातून, म्हणजे केंद्राच्या प्रवेश प्रक्रियेतून, पर्याय भरायचे. निम्म्या जागा महाराष्ट्राच्या मुलांसाठी असतात, पण ‘महाराष्ट्राचा’ कोण हे बारावी कुठून झाली त्यावर ठरतं. कोट्याला जाऊन तिथल्याच शाळेतून बारावी दिली, तर घर धंतोलीत असलं तरी होम स्टेट राजस्थान. दुसरी गोची प्रमाणपत्रांची. तिथे ओबीसी आणि ईडब्ल्यूएसचे दाखले केंद्राच्या नमुन्यात आणि त्या वर्षी 1 एप्रिलनंतर काढलेले लागतात. एसईबीसी, एनटी, एसबीसी हे आपल्या राज्याचे प्रवर्ग. केंद्राच्या प्रवेशात त्या नावाचे रकानेच नाहीत. जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तर ओबीसीतून अर्ज, नाहीतर खुल्यातून. ही यादी जूनमध्ये नव्हे, अकरावीतच बघून ठेवा.

मेडिकल (1947) आणि मेयो ही दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयं राज्य शासनाची. पदवी मात्र नागपूर विद्यापीठाची नाही, 1998 मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. परीक्षा एकच, नीट. तरी नोंदणी दोनदा: 15 टक्के अखिल भारतीय जागांसाठी केंद्राच्या एमसीसीकडे आणि 85 टक्के राज्याच्या जागांसाठी राज्याच्या सीईटी कक्षाकडे. राज्याच्या जागेला ठरावीक अपवाद सोडले तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, शिवाय अधिवास प्रमाणपत्र. मिहानमधल्या एम्सला राज्याचा कोटाच नाही. विदर्भ, मराठवाडा वगैरे 70:30 चा प्रादेशिक हिशेब 2020 मध्ये रद्द झाला. तरी काही पालक अजून जुने कटऑफ त्याच हिशेबाने वाचतात.

याच नीटच्या गुणांवर आणखी एक चांगली सरकारी पदवी मिळते, तिच्याकडे दुर्लक्ष का होतं कळत नाही. पशुवैद्यक! सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय माफसूचं, म्हणजे 2000 साली नागपुरात मुख्यालय करून झालेल्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा. माफसूचा अर्ज स्वतंत्र असतो. सीईटी कक्षाकडे एमबीबीएसचा फॉर्म भरून “बघू, व्हेटरनरी तरी लागेल” म्हणत बसणाऱ्याचं नाव माफसूच्या गुणवत्ता यादीत येणारच नाही.

महाराजबागेचं कृषी महाविद्यालय (1906) अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाखाली येतं. एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था, 1942 पासून नागपूर विद्यापीठाची होती, 2023 पासून ती स्वतःच विद्यापीठ आहे. प्रवेश मात्र एमएचटी-सीईटी आणि कॅपमधूनच, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांतूनच. कॅपमध्ये पहिली पसंती लागली की जागा आपोआप गोठते, म्हणून पहिल्या ओळीत उगाच काहीतरी टाकू नका.

कला, वाणिज्य, विज्ञानात खरी ‘शासकीय’ म्हणावी अशी नावं कमीच. मॉरिस कॉलेज, म्हणजे आताची वसंतराव नाईक संस्था, आणि सायन्स कॉलेज. बाकी बहुतेक खासगी संस्थांची: अनुदानित किंवा विनाअनुदानित. एकाच इमारतीत बीकॉमची तुकडी अनुदानित आणि बीसीसीए विनाअनुदानित असते, फीचा फरक तिथूनच येतो. तेव्हा कॉलेज अनुदानित आहे का असं विचारू नका, तुकडी अनुदानित आहे का ते विचारा. ‘स्वायत्त’ या पाटीचाही सरकारीपणाशी संबंध नाही. अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजची, पदवी विद्यापीठाची, एवढाच तिचा अर्थ. बीबीए, बीसीए, बीएमएसला 2024 पासून वेगळी सीईटी आहे.

नागपूर विद्यापीठ 1923 चं, पण आज त्याच्याकडे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया हे चारच जिल्हे. चंद्रपूर आणि गडचिरोली 2011 मध्ये गोंडवाना विद्यापीठाकडे गेले. ब्रह्मपुरीला बीए करून एमएला नागपुरात येणाऱ्याला नुसती टीसी पुरत नाही, मायग्रेशन प्रमाणपत्रही लागतं.

व्यावसायिक अभ्यासक्रमात सगळ्यात जास्त जागा जातात त्या जात वैधतेपायी. नॉन-क्रिमीलेअर सेतूतून निघतं; फक्त त्याची मुदत प्रवेशानंतर येणाऱ्या 31 मार्चपर्यंत आहे ना, ते बघा. वैधतेला मात्र पुरावे जुने लागतात: अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 आणि ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचे. आजोबांच्या शाळेतला दाखलखारीज रजिस्टरचा उतारा, नाहीतर तहसिलीतलं कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. त्यात आडनाव एका अक्षराने वेगळं निघालं की त्रुटी निघते आणि प्रकरण लांबतं. शासन कधीकधी पावतीवर मुदत देतं, पण ती गृहीत धरून चालत नाही. अकरावीच्या दिवाळीत प्रस्ताव टाकला तर उतारा दुरुस्त करायला वेळ उरतो.