पदकाची कड आधी वाचा

आज दिवसभर पहिल्या महायुद्धातली पदकं आणि नावांच्या याद्या यांतच गेला. पणजोबा 'लढाईत होते' एवढंच घरात ठाऊक असेल, तर सुरुवात पदकाच्या कडेपासून करा. तिथे क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पितांबरी लावून घासू नका, अक्षरं झिजतात. बॅटरीचा उजेड तिरका पाडला की पुसट अक्षरंही दिसतात.

खरा घोळ पलटणीच्या क्रमांकात होतो. 1922 च्या फेररचनेत 103, 105, 110, 116 आणि 117 या जुन्या मराठा पलटणी 5 व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बटालियन झाल्या. म्हणजे कडेवर 110 असेल, तर नंतरच्या कागदांत 3/5 (5 व्या मराठाची तिसरी बटालियन) शोधायचं.

शहीद असतील, तर राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या (Commonwealth War Graves Commission) संकेतस्थळावर शोधा. इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावर साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलीच नाहीत, पलटणवार नुसती संख्या आहे (हे वाचताना आजही राग येतो). नावं आयोगाच्या नोंदवहीत सापडतात. तिथे आडनाव टाकून थांबू नका, कारण कारकुनाने जाधवचं जादव केलेलं असतं आणि कधी आडनाव लिहिलेलंच नसतं. पहिलं नाव आणि पलटण धरून चाळा, मग वडिलांचं नाव आणि गाव जुळवा. जिल्हा जुना धरा: आजच्या सांगलीतलं वाळवं तेव्हा साताऱ्यात होतं.

आणि गावच्या चावडीपाशी 1914-1919 चा संगमरवरी दगड आहे का, तेवढं बघा. त्यावर नाव नसतं, गावातून किती जण लढाईला गेले तो आकडा असतो.