म्युनिक राहिलं, ड्रेस्डेन ठरलं

"तिकडेच राहणार की परत येणार?" मास्टर्स संपत आलं की घरचा प्रत्येक फोन इथे येऊन अडतो. गंमत म्हणजे जर्मनीत याचं उत्तर लगेच द्यावंच लागत नाही. इथल्या विद्यापीठाची पदवी हातात पडली की नोकरी शोधायला 18 महिन्यांपर्यंतचा परवाना मिळतो आणि तोवर पोटापाण्यासाठी कुठलंही काम करायला मुभा असते. डोकं खातं ते गाव. कुठल्या गावात राहायचं? आणि हे घरी समजावणं महाकठीण, कारण नाशिकहून पाहिलं की अख्खी जर्मनी सारखीच दिसते.

माझं मास्टर्स केम्निट्झला झालं, एम्बेडेड सिस्टिम्समध्ये (यंत्रांच्या आत बसवलेले छोटे संगणक). पूर्वेकडच्या सॅक्सनी राज्यातलं हे गाव 1953 ते 1990 कार्ल-मार्क्स-श्टाट होतं, आणि मार्क्सचं सात मीटर उंच मुंडकं अजून भर रस्त्यात आहे. आपली पोरं इथे येतात ती सरळ हिशोब करून. ट्यूशन फी नाही, आणि शेअरिंगमधली खोली तीनशे युरोंच्या आत मिळते. (स्टुटगार्ट ज्या राज्यात येतं त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये 2017 पासून आपल्याला सेमिस्टरला 1,500 युरो फी आहे.) पण पदवी झाली रे झाली की बॅगा भरायच्या आणि म्युनिक किंवा स्टुटगार्ट गाठायचं, असा इथला रिवाज. सीनियर्स तिकडे, पगार तिकडे, मोठा गणपतीही तिकडेच.

बाबांचा कौल स्टुटगार्टला होता. सातपूर एमआयडीसीत आयुष्य काढलेल्या माणसासाठी बॉश म्हणजे मायको. कंपनीनं नाव बदलून जमाना झाला, तरी नाशिककरांचं मायको सर्कल काही बदललं नाही. मुलीनं मायकोच्या मूळ गावी नोकरी करावी, यापुढे त्यांना काही सुचतच नव्हतं. पण मी शोधत होते तो काळ गाड्यांच्या धंद्याला धार्जिणा नव्हता. फोक्सवॅगननं डिसेंबर 2024 मध्ये 2030 पर्यंत 35,000 हून जास्त नोकऱ्या कमी करायचा करार केला होता. पुढे सप्टेंबर 2025 मध्ये बॉशनं आणखी 13,000 नोकऱ्या जाणार असं जाहीर केलं. अशा वेळी जुन्या लोकांना सहजासहजी काढता येत नाही, मग नव्यांची भरती थांबते. माझ्या बॅचचा एक जण तिकडे एका कंपनीत थीसिस करत होता. काम आवडलं म्हणाले, हात मिळवला, आणि जागाच नाही म्हणून निरोप दिला.

शेवटी माझ्या हातात दोन ऑफर आल्या. म्युनिकची वर्षाला 58,000 युरोंची आणि सॅक्सनीचीच राजधानी असलेल्या ड्रेस्डेनची 48,000 ची. घरी आकडे सांगितले आणि तिथेच घोळ झाला, कारण आईनं दहा हजार युरो गुणिले शंभर करून मावशीला कळवूनही टाकलं.

आता हे दहा हजार सोलून बघू. अविवाहित माणसाचा टॅक्स, पेन्शन, आरोग्य विमा वगैरे कापून 58,000 चे महिन्याला साधारण तीन हजार हातात येतात, आणि 48,000 चे साधारण सव्वीसशे. म्हणजे फरक उरला चारशेचा. म्युनिकमध्ये एका खोलीचं घर मला मिळत होतं सगळं धरून साडेबाराशेला, तेही शेवटच्या स्टेशनाजवळ. ड्रेस्डेनमध्ये तेवढंच घर साडेपाचशेला. इथेच निकाल लागला, पण अजून डिपॉझिट आहे. कायद्यानं घरमालक तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं डिपॉझिट घेऊ शकतो. म्युनिकमध्ये म्हणजे तीन हजारांच्या वर. ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी आधीच भरलेले खर्चाचे पैसे) रिकामं झालेल्या, एज्युकेशन लोनचे हप्ते सुरू व्हायच्या बेतात असलेल्या मुलीनं ते आणायचे कुठून?

शिवाय म्युनिकमध्ये घर बघायला जिने भरून माणसं येतात. त्यात आपण सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. मालकापुढे एकीकडे दोन पगार असलेलं जर्मन जोडपं आणि दुसरीकडे मी! ड्रेस्डेनच्या घरमालकीणबाईंनी पगाराचं पत्र पाहिलं, मी शनिवारी फोडण्या देते का एवढं विचारलं (आधीचा भाडेकरू बहुतेक आपल्यातलाच असावा), आणि किल्ली दिली.

ब्लू कार्डाची (परदेशी पदवीधर नोकरदारांच्या परवान्याची) काळजी दोन्हीकडे नव्हती. नव्या पदवीधरांसाठी 2025 ची किमान पगाराची मर्यादा वर्षाला 43,759.80 युरो होती, ती दोन्ही पगारांनी ओलांडली होती. हा आकडा दरवर्षी बदलतो, त्यावर मात्र लक्ष ठेवा. पूर्वेकडच्या लहान कंपन्या कधी कधी बेचाळीस हजार सांगतात, आणि तिथे थोडी घासाघीस केली तर कार्ड पदरात पडतं.

ड्रेस्डेनमध्ये नोकऱ्या कुठून आल्या, असं बाबांनी विचारलंच. चिप्समधून. पूर्व जर्मनीच्या काळापासून इथे मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सचं काम चालत आलंय. आता चिप बनवणाऱ्या इन्फिनिऑन आणि ग्लोबलफाउंड्रीज आहेत, खुद्द बॉशनं 2021 मध्ये इथे चिपचा कारखाना सुरू केला. तैवानच्या टीएसएमसी या चिप कंपनीनं ऑगस्ट 2024 मध्ये इथे कारखान्याचं भूमिपूजन केलं आहे, त्या दहा अब्ज युरोंच्या प्रकल्पात बॉश, इन्फिनिऑन आणि एनएक्सपी प्रत्येकी दहा टक्क्यांचे भागीदार. माझी कंपनी यातली कुठलीच नाही, पण या मोठ्यांच्या मशीनसाठी टेस्टिंगची सॉफ्टवेअर करते. "मायकोची चिप इथे बनते" म्हटल्यावर बाबांचा निम्मा विरोध मावळला. उरलेला निम्मा त्यांनी पुलावर काढला. सप्टेंबर 2024 मध्ये ड्रेस्डेनच्या कॅरोला पुलाचा एक भाग मध्यरात्रीनंतर नदीत कोसळला होता आणि तो व्हिडिओ त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरून गेला होता. "तिकडेही पडतात का पूल?" हे ते जवळजवळ समाधानानं म्हणाले.

आता जे घरी फोनवर पूर्ण सांगितलं नाही ते. सॅक्सनीत परक्यांविषयीची अढी आहे. केम्निट्झमध्ये 2018 साली अतिउजव्यांचे जमाव रस्त्यावर उतरले होते, पेगिडाची इस्लामविरोधी चळवळ 2014 मध्ये याच ड्रेस्डेनमध्ये सुरू झाली, आणि राज्याच्या 2024 च्या विधानसभेला अतिउजव्या एएफडी पक्षाला 30.6 टक्के मतं पडली. ट्रॅममध्ये बसल्या बसल्या हे आकडे डोक्यात येतात: समोरच्या दहांपैकी तिघं. कुणी अंगावर आलं नाही. पुटपुटणं ऐकलंय, आणि भाषा शिकल्यावर ते कळायला लागलं, हा भाषा शिकण्याचा तोटा. म्हणून घर बघताना मी भाड्याआधी भाग बघितला. नॉयश्टाट आणि विद्यापीठाच्या आसपास वस्ती मिश्र आहे, रात्री नऊला एकटं परतताना मला मागे वळून बघावं लागत नाही. शहराच्या कडेला चारशेत घर मिळत होतं, ते सोडलं. दीडशे युरो जास्त, आणि ते देताना मी कुरकुर करत नाही.

भाषेचंही एक आहे. म्युनिकच्या ऑफिसात सगळं इंग्रजीत चालणार होतं, इथे जेवणाच्या टेबलावरही जर्मन. पहिले महिने दुपारनंतर डोकं भणभणायचं. पण जर्मन विद्यापीठाच्या पदवीधराला कामाची दोन वर्षं, 24 महिन्यांची पेन्शन वर्गणी आणि बी-वन (मध्यम) पातळीची भाषा एवढ्यावर पीआर (कायम राहण्याचा परवाना) मागता येतं. इंग्रजी ऑफिसातले माझे मित्र याच बी-वनशी अडून बसलेत.

तेव्हा आईला मी दोन वर्षं सांगितली आहेत. तिला वाटतं, मग परत. माझं अजून ठरलेलं नाही. पीआर काढून नाशिकला यावं म्हटलं तर तेही एवढं सोपं नाही. जर्मनीबाहेर सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलं की सर्वसाधारण पीआर संपतं. कागद जपायचा तर इथेच राहायला हवं.

माझी रूममेट म्युनिकला गेली. तिच्या मते मी शिल्लक मोजत बसले आणि पाच वर्षांनी पगार कुठे जाईल ते पाहिलंच नाही. मोठ्या शहरात नोकरी गेली तर दुसरी कोपऱ्यावर मिळते, ड्रेस्डेनमध्ये चिप्स बुडाल्या की काय करशील? मुद्दा खोटा नाही. तिच्याकडे गणपतीला जाऊन आले, आरतीला दोनशे माणसं होती, आणि त्यातल्या निम्म्यांनी मला ड्रेस्डेनमध्ये घर किती लागतं ते विचारलं.