बाईंचा सणांचा तक्ता

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि दुसरं काही सुचेचना. मैदान, स्नेहसंमेलनं, दहावीचे निकाल यांवर बाकीचे लिहितीलच. मला लिहायचं आहे ते पाचवीच्या आपल्या बाईंबद्दल आणि मागच्या भिंतीवरच्या त्यांच्या तक्त्याबद्दल.

सिडकोने १९७० नंतर वसवलेल्या या नवी मुंबईत गावठाणातले तेवढे मूळचे, बाकी सगळे कुठून कुठून आलेले. वर्गही तसाच. जुहूगावातली आगरी-कोळी मुलं, मार्केटमधल्या माथाडींची साताऱ्याकडची, कच्छी व्यापाऱ्यांची, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांमुळे आलेल्या मल्याळी आणि उत्तर भारतीय घरांतली. एका बाकावर बसल्याने माणसं आपोआप कळतात, यावर बाईंचा विश्वास नव्हता.

आषाढातली गोष्ट. उत्तर प्रदेशातल्या घरची एक मुलगी म्हणाली, "आमचा श्रावण लागला." मागून कुणीतरी ओरडलं, "अगं, अजून गटारी व्हायचीय!" वर्ग हसला. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी कागदाच्या दोन लांब पट्ट्या कापल्या आणि दोन्हींवर पौर्णिमा-अमावास्या ओळीने काढल्या. एकीवर महिना अमावास्येनंतर सुरू केला, दुसरीवर पौर्णिमेनंतर. पट्ट्या एकाखाली एक धरल्यावर सगळ्यांना दिसलं, की शुद्ध पक्ष दोन्हीकडे एकाच महिन्याचा, वद्य पक्षाला मात्र नावं वेगळी. म्हणून आपली श्रावण वद्य अष्टमी त्यांच्याकडे भाद्रपदात पडते, आणि कृष्णजन्म एकाच रात्री होतो. त्या मुलीला कुणी पुन्हा हसलं नाही.

तक्ता तिथून सुरू झाला. कार्डशीटवर इंग्रजी महिन्यांचे बारा रकाने, वर चंद्राच्या कलांची पट्टी. सूर्यावर चालणारे सण शाईने लिहायचे: संक्रांत, बैसाखी, केरळचा विषू. नाताळची तारीख ठरलेली, तोही शाईने. बाकी सगळे चिठ्ठ्यांवर, टाचणीने टोचलेले, कारण शाईने लिहिलेला पाडवा पुढच्या वर्षी चुकतो. पाडव्याच्या चिठ्ठीला चिकटून उगादीची आणि त्याच किंवा दुसऱ्या दिवशी सिंधी चेटीचंडची. ईदची चिठ्ठी दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकवावी लागे, कारण हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं.

चिठ्ठी लिहिण्याचा नियम कडक होता. "केरळचे लोक असं करतात" असं लिहिलं, की बाई ती परत देत. "आमच्या घरी" अशीच सुरुवात हवी. त्यामुळे दोन मल्याळी मुलांच्या चिठ्ठ्या शेजारी लागल्या: ओणमचं जेवण दोघांकडे, नाताळ एकाच्याच घरी. नारळी पौर्णिमेला कोळ्यांच्या मुलाने होडीच्या पूजेबद्दल लिहिलं, तर साताऱ्याच्या मुलाने फक्त राखी आणि नारळीभात. एका मुलाला अख्ख्या समाजाचा वकील करायचं नाही, हे बाईंनी पाळलं. हल्ली बऱ्याच शाळांत भाड्याचे पोशाख आणून संस्कृती दिन साजरा होतो. लुंगी नेसलेला म्हणजे तमिळ, पगडीवाला म्हणजे पंजाबी. ते पाहून फार वाईट वाटतं. मुलं नवीन काही विचारत नाहीत, आधी ऐकलेलंच घट्ट होतं.

मी आज रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे आणि बाईंचा तो नियम रोज वापरते. मधुमेही रुग्ण "उपवास आहे" म्हणाला, की त्यावरून काहीच ठरत नाही. आपल्याकडे साबुदाणा, वरई, बटाटा, म्हणजे पिष्टमय पदार्थच, आणि साखर झपाट्याने वाढते. उत्तरेकडे शिंगाड्याचं किंवा कुट्टूचं पीठ. रोजा असेल तर दिवसभर पाणीही नाही, त्यामुळे औषधाच्या वेळा आधीच डॉक्टरांशी बोलून बदलाव्या लागतात. जैन घरात सूर्यास्तानंतर जेवण नाही, मग रात्रीच्या गोळीचं काय करायचं, तेही आधी ठरवायला हवं. आडनावावरून आहाराचा तक्ता हातात दिला, तर तो घरी जाऊन कपाटात पडतो. "तुमच्या घरी काल काय-काय शिजलं?" इथून सुरुवात केली, की पुढचं जमतं. हे मला पदवीने शिकवलेलं नाही, बाईंनी शिकवलं.

शाळेला एक विनंती. पाचवीच्या वर्गात तो तक्ता पुन्हा लावा. जूनमध्येच लावा, म्हणजे श्रावणाचा घोळ मुलांना डोळ्यांसमोर घडताना दिसेल. वरच्या पट्टीत एका जादा महिन्याची जागा मात्र रिकामी ठेवा. साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी अधिक मास येतो, त्यापुढच्या तिथींच्या चिठ्ठ्या पुढे ढकलाव्या लागतात, आणि ईदची चिठ्ठी तेवढी मागेच सरकत राहते.