डिंक्या झाडाला, अहवाल युरियाचा

मोर्शी तालुक्यात आमची संत्र्याची बाग, जमीन भारी काळी. पावसाळा संपता संपता काही झाडांच्या बुंध्यावर जमिनीलगत साल तडकली, डिंक गळू लागला, पानं पिवळी पडली. बाबा पाहताक्षणी म्हणाले, डिंक्या, म्हणजे बुंधा सडवणारा बुरशीचा रोग. मला मात्र तपासून हवं होतं.

तिथंच गाडं अडलं. ओली माती अन् तंतुमुळं पिशवीत भरून तालुक्याच्या कार्यालयात दिली. "ठेवून जा भाऊ, पाठवतो." पिशवी खिडकीतल्या कपाटावर, थेट उन्हात. म्हटलं, "साहेब, माती वाळली तर बुरशी सापडणार नाही." "आमाले माहीत हाय." पुढच्या खेपेला पिशवी तिथंच, माती खडक झालेली. मग पुन्हा वाट, पुन्हा "उद्या या". शेवटी कागद हाती आला. त्यात सामू, नत्र, स्फुरद, पालाश आणि खाली युरियाची मात्रा! बुरशीचा शब्द नाही. झाड मरायला टेकलं अन् हे खत सांगतात! अजून तो कागद पाहिला की डोकं तापतं. खिडकीवरच ठणकावून सांगा: माती परीक्षण नको, रोगनिदान हवं.

मी ताजा नमुना घेऊन नागपूरला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत गेलो. तिथल्या तज्ज्ञांनी एक तंतुमूळ चिमटीत धरून ओढलं. वरची साल मोज्यासारखी निघाली, आत नुसता धागा उरला. फायटोप्थोरा, डिंक्या आणणारी बुरशी.

उपाय तसा सोपा. सडलेली साल चाकूनं निरोगी भागापर्यंत खरवडायची, ते तुकडे जाळायचे. 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो चुना, 10 लिटर पाणी असं बोर्डो मलम बुंध्याला लावायचं, पावसाळ्याआधी आणि नंतर. मोरचूद अन् चुना वेगळा भिजवा, प्लॅस्टिकच्या बादलीतच. लोखंडी पातं बुडवून पाहा, तांबूस चढलं तर चुना वाढवा. मलम त्याच दिवशी संपवा. आळ्यात मेटॅलॅक्सिल-मॅन्कोझेब हे बुरशीनाशक ओता, 2.5 ग्रॅम प्रतिलिटर पाण्यात.

आणि पाणी बुंध्याला लागू देऊ नका. दुहेरी आळं करा, म्हणजे बुंध्याभोवती दोन कडी अन् पाणी मधल्या पट्ट्यात; चर काढून साचलेलं पाणी बाहेर घाला. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी शेणखतातून द्यायची असेल तर बुरशीनाशकासोबत नको, मध्ये अंतर ठेवा.

नवीन कलमं घेताना रंगपूर लिंबूच्या खुंटावरची (ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधतात तो खुंट) घ्या, जंभेरी खुंटाला हा रोग लवकर लागतो. डोळा, म्हणजे कलमाचा जोड, जमिनीपासून वीतभर तरी वर हवा. आमच्या खरवडलेल्या झाडांना यंदा नवी पालवी आली, बाबा रोज सकाळी तिकडंच असतात.